चाळीसच्या आत

ॲप चाळीस एमबीच्या आत आलं, तर मेहुण्याला तीन गोष्टी मिळायच्या होत्या. पहिली, यार्डात चौथा वाटा. दुसरी, थोरल्याच्या टेबलाशी स्वतःची खुर्ची. आतापर्यंत तो दाराच्या चौकटीला टेकूनच बोलत आला होता. तिसरी गोष्ट त्याच्या मते या दोन्हींपेक्षा मोठी होती. ताईला उठताबसता ऐकावं लागणारं "भावाला अजून किती दिवस सांभाळणार?" हे कायमचं बंद होणार होतं. यात जायचं काय होतं, ते त्याने मांडलं नव्हतं. हिशेबाला तो पक्का होता, पण जमेच्या बाजूपुरता.

यार्ड तिघा भावांचं. रस्त्यात बंद पडलेल्या, उलटलेल्या, ठोकलेल्या गाड्या ओढून आणायच्या, हा धंदा. ताई त्यातल्या मधल्याला दिलेली. मेहुण्याची ऑफिसातली नोकरी गेली तेव्हा तो आठ दिवसांसाठी म्हणून आला आणि स्पेअर पार्टच्या खोलीत रुजला. फुकट बसल्यासारखं दिसू नये म्हणून त्याने ॲप बनवलं. कुठे गाडी अडकली की जवळच्या ड्रायव्हरचा फोन वाजायचा, त्याने बोट टेकवलं की काम त्याचं. ड्रायव्हर त्याला "मेहुणे" म्हणायचे, आणि ते अशा सुरात, की कुठल्यातरी खात्याचे साहेब वाटावेत.

ॲप सुरुवातीला सडपातळ होतं. मग घरच्यांनी त्याला खाऊ घातलं. थोरल्याला ड्रायव्हरांना फोनच्या टिंगटिंगीने उठवणं पसंत नव्हतं. त्याने स्वतःच्या आवाजात हाका भरून दिल्या, शिव्यांसकट, प्रत्येक प्रसंगाची वेगळी: बेचाळीस एमबी. मधल्याला रेंज नसलेल्या रस्त्यांची काळजी. त्याने अख्ख्या मुलखाचा नकाशा आत घालायला लावला: एकाहत्तर. धाकट्याने उघडताच दिसेल असा व्हिडिओ दिला. त्यात तो टोइंगच्या गाडीला टेकून उभा होता, साखळी गरगरा फिरवत होता, शेवटी काळा चष्मा काढून बघणाऱ्याकडे रोखून बघत होता: अठ्ठावन्न. बाकी सगळं ॲप, म्हणजे ज्याच्यासाठी हा खटाटोप, ते एकोणीस. बेरीज एकशे नव्वद.

ड्रायव्हरांचे फोन जुने, पोराबाळांच्या फोटोंनी गच्च भरलेले. एकशे नव्वदचं अपडेट आलं की ते मान टाकायचे. पुलापलीकडच्या यार्डाचंही ॲप होतं. ते इतकं हलकं होतं की कुठल्याही फोनवर पटकन बसायचं. परिणाम मेहुण्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, कारण धाकट्याने त्याला गाडीत घालून नेलं.

"बस. तुझं ॲप काय करतं ते बघायला चल."

वळणावर ट्रक उलटला होता. पलीकडचे आधी पोचले होते आणि त्यांनी मागच्या आसाला साखळीही अडकवली होती. धाकट्याने गाडीतून उतरता उतरता टॉमी उचलली. चाकाचे नट खोलायची ती लोखंडी कांब त्याच्या हातात पेनासारखी हलकी दिसायची. पलीकडच्यांपैकी जो साखळीपाशी वाकला होता, त्याच्या पाठीत पहिला घाव बसला. मग सगळेच भिडले. आपल्या एका ड्रायव्हरच्या तोंडावर हुक आला आणि त्याचा जबडा बाजूला सरकला, जसा कपाटाचा खण तिरका होऊन अडकतो तसा. केबिनमध्ये ट्रकवाला पट्ट्याला उलटा लोंबकळत होता. "अहो, मला तरी काढा," म्हणत होता. त्याला दोन्हीकडच्यांनी जरा थांबायला सांगितलं.

शेवटी ट्रक पलीकडचेच घेऊन गेले. धाकट्याच्या कपाळातून रक्त येत होतं. त्याने पहिला प्रश्न विचारला, "कोणी शूट केलं का?"

कोणी केलं नव्हतं. त्याचं त्याला फार वाईट वाटलं.

जबडा मोडलेल्या ड्रायव्हरला त्या दिवसापासून सगळे जबडाच म्हणू लागले. थोरल्याने त्याला टेबलासमोर बसवून मेहुण्याला बोलावलं.

"बघ याच्याकडे. याच्या फोनवर कॉल वाजला तेव्हा हा अपडेट संपायची वाट बघत होता. किती वजन आहे रे तुझ्या ॲपचं?"

"एकशे नव्वद, दादा."

"पलीकडच्यांचं?"

"पंचविसेक असेल."

"मग? त्यांच्या ॲपला घरात जेवायला मिळत नाही का?" थोरला स्वतःच्या विनोदावर हसला. जबड्यालाही हसू आलं आणि त्याने डोळे गच्च मिटले. "चाळीसच्या आत आण. आणलंस तर चौथा वाटा तुझा, शब्द देतो. नाही जमलं तर ताईला वाईट वाटेल असं काही मला बोलायला लावू नकोस."

धाकटा खिडकीत बसून टॉमीचं टोक फडक्याने पुसत होता. "वजनाचं तुम्ही बघा," तो म्हणाला. "आपले कॉल पलीकडे कोण पोचवतंय ते मी बघतो. घरातलंच कोणीतरी आहे."

"कोणी नाही रे," मधला म्हणाला. "आपणच उशिरा पोचतो."

"तू सगळ्यांचीच बाजू घेतोस."

मधला होताच तसा. दिवसातला बराच वेळ तो गाड्यांखाली पाठीवर पडून असायचा, आणि माणसांकडेही तसंच खालून, सबुरीने बघायचा. स्पेअर पार्टच्या खोलीत टेबल, पंखा आणि दिवा त्यानेच लावून दिला होता. मेहुण्याने कामाला हात घातला तेव्हा विचारलं फक्त त्याला.

"दाजी, तुमच्या नकाशाचे तुकडे करावे लागतील. आत थोडाच ठेवतो, बाकीचा सर्व्हरवर. ड्रायव्हर ज्या भागात निघेल तेवढा तुकडा निघतानाच उतरवून घेईल."

"वाटेत रेंज गेली तर?"

"तोवर उतरलेला असेल."

"मग कर की. हरवू नको म्हणजे झालं." मधल्याने गाडीखालून हात बाहेर काढला. "आणि तो चौदाचा पाना दे."

थोरल्याला विचारायची गरज नव्हती. आवाज दाबून लहान केला तर तो थोडा घोगरा होतो, आणि थोरला होताच घोगरा. राहिला धाकटा. मेहुण्याने आकडे काढून बघितले. व्हिडिओ सुरू झाला की प्रत्येक ड्रायव्हर पहिल्याच सेकंदाला "पुढे जा"वर बोट मारत होता. शेवटपर्यंत बघणारा फोन अख्ख्या यार्डात एकच होता, आणि तो धाकट्याचाच होता. रोज बघायचा, काही दिवशी दोनदा.

हे त्याला सांगायचं कसं? न सांगणंच बरं, असं मेहुण्याने ठरवलं. उडवून टाकावा. एवढ्या धांदलीत कुणाच्या लक्षात येतंय.

जुन्या ऑफिसातली एक सहकारीण त्याला ॲप तपासून द्यायची. त्यासाठी तिच्याकडे जुनेपुराणे फोन होते, तिच्या भाषेत म्हाताऱ्यांचा वॉर्ड. ॲपमधल्या तीन जड फायलींना दोघांनी भावांचीच नावं दिली होती. दुपारी मेहुणा शेडमागे टायरांच्या ढिगाऱ्यापाशी जाऊन तिच्याशी फोनवर बोलत होता. शेडमध्ये ग्राइंडर चालू होता, थांबत होता, पुन्हा किंचाळत होता.

"थोरल्याला दाबून नऊवर आणला," तो म्हणाला.

"बोलतो का अजून?"

"बोलतो की. शिव्या तर जास्तच स्पष्ट येतात." ग्राइंडर थांबला. तो मात्र ओरडतच राहिला. "दाजींशी बोलणं झालंय, त्यांची काही हरकत नाही. धाकट्याला आज उडवतो. कोणाला पत्तासुद्धा लागणार नाही."

ग्राइंडर पुन्हा सुरू झाला. त्यामुळे "उघडल्या उघडल्या तोंड दाखवतो मेला, त्याच्याशिवाय ॲप एकदम पळतं" हे पुढचं वाक्य टायरांपलीकडे पोचलं नाही. टायरांपलीकडे धाकट्याचा खास माणूस हात धूत उभा होता. त्याला सगळे हुक म्हणायचे, कारण तो धाकट्याच्या मागे अडकलेला असायचा. फाईल उडवतात हे हुकला माहीत नव्हतं. त्याच्या ओळखीत फक्त माणसं उडवली जायची. त्याने हात पुसलेदेखील नाहीत, तसाच धाकट्याकडे पळाला.

मेहुण्याने बटण दाबलं. नवं ॲप सगळ्यांच्या फोनवर गेलं. तेहतीस एमबी: आवाज नऊ, नकाशा आठ, बाकी घासूनपुसून सोळा. यार्डात फोन एकामागून एक टणटणले. जबड्याने तार बांधलेल्या तोंडाने "बसलं" असं काहीतरी म्हटलं आणि अंगठा वर केला. मेहुणा थोरल्याच्या खोलीकडे निघाला. चालताना त्याने चौथ्या वाट्याच्या खुर्चीला हात असावेत की नसावेत, याचा विचार केला.

तेवढ्यात शेडमधून ओरडणं ऐकू आलं.

मधला गाडीखाली होता, नेहमीप्रमाणे पाय बाहेर. धाकट्याने तेच पाय धरून त्याला बाहेर ओढला. मधल्याला वाटलं काही मस्करी चाललीय. तो हसतच बाहेर आला. पहिली टॉमी गुडघ्यावर बसली. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला.

"मला उडवणार? मेहुण्याच्या हातून? सख्ख्या भावाला?"

"काय बोलतोस, छोट्या..."

दुसरा घाव मधल्याने हातावर घेतला आणि हात कोपराच्या खाली दुमडला. तो सरपटत मागे सरकला. धाकट्याने भिंतीवरची साखळी उपसली आणि फिरवली, व्हिडिओत फिरवायचा अगदी तशीच. टोकाचा हुक मांडीत आतल्या बाजूने घुसला. धाकट्याने तो झटक्याने ओढून काढला, आणि रक्त जे आलं ते वाहत आलं नाही, उडत आलं.

ताई स्वयंपाकघरातून धावत आली. तिने मधल्याच्या मांडीवर टॉवेल दाबला, टॉवेलवर गुडघा दाबला. "भाऊजी, गाडी काढा. भाऊजी, मी पाया पडते तुमच्या, गाडी काढा."

जबडा पुढे झाला. धाकट्याने त्याच्या बरगड्यांत टॉमीचं टोक खुपसलं आणि तो तोंड उघडता येत नसल्याने नाकानेच कण्हत खाली बसला. मग कोणी पुढे झालं नाही. धाकट्याची मोठी टोइंगची गाडी फाटकाला आडवी लावलेली होती आणि किल्ली त्याच्या खिशात होती.

मेहुणा दारात पोचला तेव्हा हुकने त्याची मानगूट धरली. "हा बघा. हाच म्हणाला. धाकट्याला आज उडवतो. दाजींशी बोलणं झालंय."

मेहुण्याला एक क्षण काही कळेना. मग सगळं एकदम कळलं.

"व्हिडिओ," तो म्हणाला. "धाकटेशेठ, तुमचा व्हिडिओ. ॲपमधला. तो उडवला. फाईल उडवली. तुम्हाला नाही. बघा, फोन उघडून बघा."

धाकट्याने खिशातून फोन काढला. ॲप उघडलं. सरळ कामाचं पान आलं. त्याने बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा तेच.

शेडमध्ये कोणीतरी फुस्सकन हसलं. आणि थोरला, जो इतका वेळ भिंतीला धरून कापत होता, तोही हसला. भीती उतरताना येतं तसं हसू. "अरे मूर्खा," तो म्हणाला, "एवढ्यासाठी भावाला फोडलास? तुझं ते थोबाड कोण बघत होतं?"

धाकटा हसला नाही. त्याने मेहुण्याकडे बघितलं. "कोणी बघत नव्हतं?"

मेहुण्याने खरं बोलायला नको होतं. पण आकड्यांच्या बाबतीत त्याला खोटं सुचायचंच नाही. "तुमच्या एकट्याच्या फोनवर पूर्ण चालायचा, शेठ."

धाकट्याचा चेहरा लालबुंद झाला. खून करायला टपलेत असं वाटलं तेव्हा तो नुसता चिडला होता. आता त्याचा अपमान झाला होता. त्याने टॉमी थोरल्याच्या दिशेने फेकली. ती खिडकीच्या काचेतून पलीकडे गेली. साखळी त्याने हातातच ठेवली.

"परत आण मला," तो म्हणाला. "इथे, सगळ्यांसमोर. माझ्या फोनवर दिसलो की फाटक उघडतो."

"भाऊजी, आधी यांना दवाखान्यात..."

"दिसलो की."

"कर रे बाबा तो म्हणतो ते," थोरला म्हणाला. "लवकर कर."

हुकने लॅपटॉप आणून तेलकट बाकावर ठेवला. मेहुण्याने तो उघडला. त्याचं डोकं स्वच्छ चालत होतं, आणि घोटाळा तिथेच झाला. त्याच्यासमोर दोन वाटा होत्या. एक, जुनं ॲप जसंच्या तसं परत सोडायचं. ते तयार होतं. एक टिचकी, आणि यार्डातल्या वायफायवर धाकट्याच्या फोनवर मिनिटाभरात पोचलं असतं. पण ते एकशे नव्वद होतं. थोरला खांद्यावरून बघत होता. दुसरी वाट, व्हिडिओ दाबायचा, अठ्ठावन्नचा सहा करायचा आणि नव्या ॲपमध्ये बसवायचा. तेहतीस आणि सहा, एकोणचाळीस.

त्याने मधल्याकडे बघितलं. मधला शुद्धीवर होता, ताईशी काहीतरी बोलतही होता. चालेल एवढा वेळ, असा अंदाज मेहुण्याने केला. अंदाज कशाच्या आधारावर केला ते त्याला नंतर कधीच सांगता आलं नाही.

त्याने दुसरी वाट धरली.

पडद्यावर निळी पट्टी सरकू लागली. लॅपटॉप जुना होता. पट्टी थोडी सरकायची, दम खायची.

"झालं का रे?" ताईने विचारलं. टॉवेल लाल होऊन जड झाला होता. तिने मधल्याचा पट्टा काढून मांडीला आवळला होता आणि दोन्ही हातांनी ओढून धरला होता.

"होतंय, ताई."

धाकटा पडद्याकडे टक लावून बघत होता. एका फ्रेममध्ये त्याचा चेहरा आला. "चिखलासारखा दिसतोय," तो म्हणाला.

"फोनवर चांगला दिसेल, शेठ. छोट्या पडद्यावर कळत नाही."

"चष्मा काढतो ते येतंय ना?"

"येतंय."

मधला काहीतरी पुटपुटला. ताई वाकली. "काय म्हणतोय?" थोरल्याने विचारलं.

"थंडी वाजतेय म्हणतात."

थोरल्याने अंगातलं जाकीट काढून दिलं. दुपारचं ऊन शेडच्या पत्र्यावर तापलेलं होतं. पट्टी भरली आणि दुसरी सुरू झाली. व्हिडिओ बारीक झाला होता, आता ॲप नव्याने बांधलं जात होतं.

"झालं का?" ताईच्या आवाजात आता प्रश्न उरला नव्हता.

"झालंच. एवढंच."

धाकट्याचा फोन टणटणला. मग सगळ्यांचे टणटणले. त्याने ॲप उघडलं. तो दिसला, गाडीला टेकून. त्याने मान वर केली आणि यार्डातल्या ड्रायव्हरांकडे बघितलं. "उघडा," तो म्हणाला. "सगळ्यांनी."

सगळ्यांनी उघडलं. जबड्यानेही, जमिनीवर बसल्या बसल्या. डझनभर फोनांत साखळी गरगरली, डझनभर धाकटे चष्मा काढून रोखून बघू लागले. "पुढे जा"वर कोणाचंही बोट गेलं नाही. पहिल्यांदाच तो सगळ्यांनी शेवटपर्यंत बघितला. धाकटा एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि त्याचा स्वतःचा चेहरा हळूहळू निवळत गेला, ताप उतरलेल्या माणसासारखा. मग त्याने खिशातून किल्ली काढली आणि स्वतःच जाऊन गाडी बाजूला घेतली.

मधल्याला जीपच्या मागच्या सीटवर ठेवला, डोकं ताईच्या मांडीवर. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी पापणी वर करून बघितलं आणि विचारलं, "इतका वेळ काय करत होता तुम्ही?"

थोरला म्हणाला, जॅक घसरला, गाडीखाली सापडला, काढायला वेळ लागला. हुकने तेच सांगितलं. जबड्याला बोलताच येत नव्हतं, त्याने मान हलवली. मेहुण्याला विचारलं तेव्हा त्यानेही जॅक घसरला असंच सांगितलं. ताईने काहीच सांगितलं नाही. तिचं मौन दुःखाच्या खात्यावर टाकून सगळे मोकळे झाले.

सहकारिणीचा फोन आठवडाभराने आला. "एकोणचाळीस," ती म्हणाली. "छान बसवलंस. पण मला एक कळलं नाही. घाई होती म्हणतोस, मग जुनंच का नाही सोडलंस? ते तर एका टिचकीत गेलं असतं."

मेहुणा म्हणाला, सुचलं नाही. त्याच्यासोबत तिने बरीच वर्षं काम केलेलं होतं. "बरं," ती म्हणाली, आणि पुन्हा कधी तिने त्याचं ॲप तपासलं नाही.

थोरला शब्दाला जागला. वाटे चारच करायचे होते, पण आता माणसं तीनच राहिली. ताईचं काय ते तिचा भाऊच बघेल, असं थोरल्याने परस्पर ठरवलं. म्हणून मेहुण्याला चौथा मिळायचा तो तिसरा मिळाला. खुर्ची मिळाली, हातांची. ॲप कुठल्याही फोनवर पटकन बसू लागलं आणि यार्डाच्या गाड्या पुलापलीकडच्यांच्या आधी पोचू लागल्या. धाकट्याचं तर काहीच गेलं नाही. त्याला रोज बघणारे मिळाले, कारण त्याच्या समोर "पुढे जा" दाबायची आता कोणाची छाती नव्हती. थोरल्याचा एक भाऊ गेला, पण धंदा वाढला, आणि तो दोन्ही गोष्टी एकाच सुरात सांगायचा. जबड्याच्या दोन बरगड्या गेल्या. ताईचा नवरा गेला, आणि ज्याने तो घालवला त्याला ती दोन्ही वेळा वाढत राहिली. ज्याने वेळ लावला त्यालाही वाढत राहिली, कारण तो वेळ त्याला वाचवता आला असता, हे तिला माहीत नव्हतं. तिन्ही वाटेकऱ्यांचं जमेत आलं. भरलं तिने एकटीने.